विषयवार लावलेली कपाटं

कॉलेजातली मुलं वर्गात तोंड का उघडत नाहीत, यावर मी प्रबंध लिहायला घेतला, ही साठ सालानंतरची गोष्ट. नागपूरहून मार्गदर्शकांचं पत्र आलं, की यावर आधी कोणी काय लिहिलंय ते पंधरा दिवसांत दाखवा, नाहीतर विषय रद्द. मी आमच्या यवतमाळच्या कॉलेजच्या ग्रंथालयात धावलो.

ग्रंथपाल म्हणाले, "पुस्तक कोण्या साली आलं ते सांगा सर, लगेच काढून देतो."

"साल मला काय माहीत? विषय सांगतोय ना!"

"आपल्या इथं विषयानं नाही लावत."

माझं डोकंच फिरलं. असल्या अडाणी कारभारात कसलं डोंबलाचं संशोधन! रविवारी किल्ली मागून घेतली आणि नावं वाचवाचून सहाही कपाटं विषयवार लावली. शिक्षणाच्या खणात सगळी प्राथमिक शाळेची पुस्तकं निघाली. सोमवारी मी ग्रंथपालांवरच ओरडलो.

"कॉलेजातल्या पोरांवरची दोन होती ना सर. नावं ध्यानात नाहीत, त्यात शिक्षण नव्हतं एवढंच. त्यायचं साल मले पाठ हाय, पण त्या सालचा खणच तुम्ही मोडला. आता मले कायले विचारता?"

मुदत संपेपर्यंत धुळीत शिंकत राहिलो. पुस्तकं मिळाली नाहीत, विषय गेला. ग्रंथपालांशी मी वर्षभर बोललो नाही. स्वतःशी अबोला धरता येत नव्हता, म्हणून.