दार उघडेल त्याचं उत्तर

सदर घरातील प्रौढ व्यक्ती क्रमांक दोन. लिंग: स्त्री. वय: एकसष्ट. वैवाहिक स्थिती: विवाहित, पती सोबत राहतो. व्यवसाय: शालेय वाहतुकीचे नियोजन. शिक्षणाची सर्वोच्च पातळी: हायस्कूल पूर्ण. माहिती देणारा: घरातील अन्य प्रौढ व्यक्ती. शेरा: नाही.

शेरा नाही, हे त्या नोंदीतलं सगळ्यांत धाडसी विधान. डोरीन वुकोविच या बाईविषयी शेरा नसलेलं माणूस ओहायोतल्या आमच्या मिलबर्ग गावात शोधून सापडलं नसतं. शाळेच्या पिवळ्या बसगाड्यांचे ड्रायव्हर तिला 'वायरलेसवरची इंगळी' म्हणायचे. तोंडावर नाही, वायरलेस बंद आहे याची खात्री करून. बर्फ पडलं की डोरीन पहाटेच गॅरेजात येऊन बसे आणि कोणता रस्ता घसरडा, कोणत्या वळणावरची पोरं घरीच राहतील, हे ठरवून टाके. शाळा सुरू ठेवायची की नाही हे ठरवणारे साहेब तोवर अंथरुणात असत.

तर ही बाई कॉलेजात गेली होती. एकदा नव्हे, तीनदा.

अठराव्या वर्षी ती राज्य विद्यापीठाच्या जवळच्या शाखेत गेली. दोन सत्रं झाली आणि बापाची पोलादाची गिरणी बंद पडली. त्या वर्षी आमच्या खोऱ्यात गिरण्या बंद पडणं म्हणजे गावजेवण होतं, कुणाचंच पान चुकलं नाही. चौतिसाव्या वर्षी ती काउंटीच्या कॉलेजात गेली, हिशेबशास्त्रात वर्गात पहिली आली. मग सासूला अर्धांगवायूचा झटका आला. सासूचं करायला घरात कोण मोकळं आहे, असा प्रश्न निघाला, आणि मोकळी डोरीनच निघाली. सासू नऊ वर्षं जगली. माणूस वाईट नव्हतं, फक्त चिवट होतं.

एकोणपन्नासाव्या वर्षी ती तिसऱ्यांदा गेली. हे कॉलेज बाजारसंकुलात होतं. एका बाजूला चपलांचं दुकान, दुसऱ्या बाजूला चष्म्यांचं, मध्ये ज्ञान. वर्ग संध्याकाळी भरत. डोरीन गॅरेजातून थेट तिकडे जायची, वाटेत सिग्नलला थांबून सँडविच खायची. व्यवसाय व्यवस्थापनाची पदवी. सगळे विषय झाले, एक राहिला. तिनं टोपी आणि गाउन मागवले, आणि बैठकीच्या खोलीत, टीव्हीच्या वर, पदवीच्या चौकटीसाठी स्वतःच्या हातानं एक खिळा ठोकून ठेवला.

शेवटचं सत्र सुरू व्हायच्या शुक्रवारी ती गेली तर दाराला साखळी, आणि काचेवर आतून चिकटवलेला कागद. आपल्या शैक्षणिक प्रवासात आम्हांला सहभागी करून घेतल्याबद्दल संस्था आपली ऋणी आहे, असं त्यावर लिहिलं होतं. आत पाहिलं तर कॉफीचं यंत्रसुद्धा नेलेलं. रुग्णवाहिकेवर काम करणारा तिचा एक वर्गबंधू फुटपाथवर बसून हसत होता. ते हसणं काही केल्या थांबेना, तेव्हा डोरीननं त्याला घरी सोडलं. पुढे राज्याच्या कॉलेजानं तिचे कागद तपासले आणि कळवलं की यातले दोन विषय आम्ही धरू, बाकी सारं पहिल्यापासून करावं लागेल. धरलेले विषय होते संगणकाची ओळख आणि पोहणं. पोहणं अठराव्या वर्षाचं होतं.

त्या उन्हाळ्यात तिच्या नवऱ्यानं, लेननं, एरी सरोवरात हातभर लांबीचा मासा पकडला, पेंढा भरून घेतला आणि त्या खिळ्याला टांगला.

"खिळा रिकामाच होता," लेन म्हणाला.

डोरीन काही बोलली नाही. इंगळी काही बोलली नाही, ही बातमी गॅरेजात कळली असती तर ड्रायव्हरांनी डॉक्टर बोलावला असता.

याला आठ वर्षं झाल्यावर सरकारी पाहणीचं पत्र आलं. देशातली कोण माणसं काय काम करतात, किती शिकलेली आहेत, याची ही पाहणी. तिची रीत अशी की एक घर निवडतात आणि चार महिने दर महिन्याला विचारतात. मग आठ महिने सोडून देतात, मग परत चार महिने. पहिल्यांदा माणूस दारात येतं, पुढे फोन. घरातल्या प्रत्येकाला वेगळं विचारत नाहीत. दार उघडेल त्या प्रौढ माणसानं सगळ्यांचं सांगायचं. ही सोय आहे. सोय कुणाची, ते पत्रात नव्हतं.

दार लेननं उघडलं. पाइपांच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून दार उघडणं हे त्याचं मुख्य काम होतं. पुढचे दोन फोनही त्यानंच घेतले, कारण डोरीन गॅरेजात. चौथ्या महिन्यातला फोन शनिवारी आला आणि तो डोरीननं उचलला.

पलीकडे मार्शा टूमी होती, पाहणीची बाई. आवाज गोड, आणि प्रश्न छापील मजकुरापासून केसभरही न ढळणारे.

"मिसेस वुकोविच, मागच्या वेळी आमच्याकडे अशी नोंद आहे की तुमच्या शिक्षणाची सर्वोच्च पातळी हायस्कूल पूर्ण. यात काही बदल?"

"काय म्हणालात?"

मार्शानं तेच वाक्य पुन्हा वाचलं, त्याच चालीवर.

"हे कुणी सांगितलं?"

"माहिती गोपनीय असते, मॅडम. कोणी सांगितलं हे मला सांगता येत नाही."

"या घरात दोन माणसं राहतात," डोरीन म्हणाली, "आणि त्यांतलं एक मी आहे."

मार्शा यावर छापील उत्तर शोधत होती, तेवढ्यात डोरीननं फोन आदळला.

लेन स्वयंपाकघरात अंडी तळत होता.

"माझं शिक्षण किती रे, लेन?"

त्याची पाठ ताठ झाली. चाळीस वर्षांच्या संसारात नवऱ्याच्या पाठीलाही कान फुटतात.

"त्या बाईनं यादी वाचून दाखवली, डोरी. लांबलचक. मी आपलं भिंतीकडे पाहिलं. म्हटलं, भिंतीवर काय आहे?"

"भिंतीवर मासा आहे!"

"तेच. कागद नाही, मग हायस्कूल म्हणालो."

"कॉलेज, पण पदवी नाही, असं नव्हतं त्या यादीत?"

"होतं." लेननं अंडं उलटलं, ते फुटलं. "पण ते ऐकायला कसं वाटतं? गेली आणि जमलं नाही, असं वाटतं. हायस्कूल कसं सरळ असतं. त्यात कुणी पुढचा प्रश्न विचारत नाही. मी तुला वाचवत होतो."

"कुणापासून? मार्शा टूमीपासून?"

"आता दोन-चार वर्षांसाठी एवढं..."

"किती वर्षं? मोज ना! तुझी आई वर झोपलेली असायची तेव्हा मी या टेबलावर हिशेब सोडवत होते. तू 'दिवा बंद कर' म्हणायचास. किती वेळा म्हणालास तेही सांगू? आणि त्या बाईनं किती वेळा विचारलं तुला?"

"तीनदा."

"तीनदा! सेंट पीटरनंही येशूला तीनदाच नाकारलं होतं, लेन. पण त्याला निदान जिवाची भीती होती. तुला कशाची होती? अंडं करपायची?"

अंडं तेव्हा खरंच करपलं होतं.

सोमवारी तिनं गॅरेजातून मार्शाला फोन लावला आणि नोंद दुरुस्त करायला सांगितलं. मार्शा हळहळली. या फेरीची मुदत शनिवारीच संपली, आता आठ महिन्यांनी ती स्वतः दारात येईल, तेव्हा.

"आणि तोवर?"

"तोवर तुम्ही हायस्कूल, मॅडम."

"बरं, तेव्हा मी पदवी आहे म्हणाले, तर कागद दाखवावा लागेल?"

"नाही. लोक सांगतात ते आम्ही लिहितो."

"डॉक्टरेट म्हणाले तर?"

"तर डॉक्टरेट," मार्शा म्हणाली. मग आवाज जरा खाली आणून, "आमच्या एका घरात आजोबांनी कुत्र्याचंही सांगितलं होतं. ते मात्र लिहिलं नाही."

म्हणजे आठ महिने होते आणि उत्तर तिचं होतं. जगात कुणी तपासणार नव्हतं. डोरीन गाडी चालवताना म्हणून पाहायची: 'पदवी. व्यवसाय व्यवस्थापन.' म्हणताना तोंडात चव यायची, आणि वळणावर त्या साखळी लावलेल्या दाराची आठवण आली की ती चव जायची. खोटं बोलायची तिला भीती नव्हती. गॅरेजात ती रोज साहेबांना सांगायची की गाड्या वेळेवर सुटल्या. तिला राग होता, आणि तो कुणावर हे दर आठवड्याला बदलत होतं. कॉलेजच्या मालकावर असायचा, पण तो कुठे होता कुणास ठाऊक. फ्लोरिडात, असं लोक म्हणत. यादी बनवणाऱ्यावर असायचा. त्या यादीत शिकणाऱ्यानं सोडलं आणि शिकवणाऱ्यानं सोडलं, या दोन्ही गोष्टी एकाच रकान्यात पडत होत्या. पण फ्लोरिडा लांब आणि यादी त्याहून लांब. हाताशी लेन होता.

त्या आठ महिन्यांत घरात बोलणं चालू होतं, पण वायरलेसवर चालतं तसं: गरजेपुरतं, आणि बोलून झालं की बटण सोडायचं. गुरुवारी चर्चच्या तळघरात बायका विक्रीसाठी पिरोगी, म्हणजे उकडलेल्या करंज्या, भरायला बसत. एरवी डोरीनचा हात हलका. आता ती पिठाच्या कडा अशा दाबायची, की शेजारची म्हणाली, "अगं, त्यात बटाटा आहे, लेन नाही."

मार्च महिन्यात मार्शा आली. डोरीननं रजा घेतली होती. घंटी वाजली तेव्हा लेन सवयीनं उठला, डोरीननं नुसतं पाहिलं, तो बसला. दार तिनं उघडलं.

मार्शा आवाजावरून वाटली होती त्याहून लहानखुरी होती. टेबलावर लॅपटॉप उघडून तिनं एकेक प्रश्न वाचायला घेतला. गेल्या आठवड्यात काम केलंत का? किती तास? लेन कोपऱ्यातल्या खुर्चीत टोपी गुडघ्यावर ठेवून बसला होता, अंत्यविधीला बसतात तसा.

"आणि शिक्षणाची सर्वोच्च पातळी—"

"पदवी!" लेन उभाच राहिला. "पदवी लिहा. व्यवसाय व्यवस्थापन. पूर्ण."

मार्शाची बोटं थांबली. डोरीननं सावकाश मान वळवली. लेनचे कान लाल झाले होते. आठ महिने तोही पाठ करत होता, हे तिला तेव्हा कळलं, आणि राग जायच्या ऐवजी टाळूपर्यंत चढला.

"खाली बस."

"डोरी, मी चूक सुधारत—"

"खाली बस म्हटलं! आधी जे माझं होतं ते काढून घेतलंस. आता जे मला मिळालंच नाही ते देतोस. मधलं, मी खरोखर जे केलं, ते तुला दिसतच नाही का रे?"

लेन बसला. टोपी खाली पडली, ती त्यानं उचलली नाही.

"मिसेस टूमी," डोरीन म्हणाली, "सगळे विषय पूर्ण, एक बाकी, कॉलेज पळालं. असा रकाना आहे?"

"नाही."

"कॉलेजांना कुणी विचारतं? किती जणांना अर्ध्या वाटेत उतरवलंत म्हणून? मी एक पोर बसमध्ये विसरले तर चौकशी बसते."

"मॅडम, आम्ही फक्त माणसं मोजतो."

"मग मोजा." डोरीनचा आवाज गॅरेजातला झाला. "कॉलेज, पदवी नाही. लिहा. आणि कुणी सांगितलं तेही लिहा."

मार्शानं लिहिलं. मग तिनं उरलेले सगळे प्रश्न विचारले, कॉफी नको म्हणाली आणि गेली.

ती गेल्यावर लेननं खुर्ची ओढली, तिच्यावर चढला आणि मासा खाली उतरवला. भिंतीवर माशाच्या आकाराचा फिकट डाग, आणि मध्ये खिळा.

"परत लाव तो," डोरीन म्हणाली. "डाग दिसतोय."

लेन मासा काखेत धरून तसाच उभा राहिला.

"राहिलेला विषय कोणता होता गं?"

हे त्यानं आजवर विचारलं नव्हतं. डोरीननं खाली पडलेली टोपी उचलून टेबलावर ठेवली आणि सांगितलं.

राहिलेला विषय व्यवसायातील नीतिमत्ता हा होता.