पुलाच्या अलीकडे गप्प

दादा गेल्याचा निरोप आला तेव्हा मी हिर्डोशीला, लेकीच्या बाळंतपणाला गेले होते. आमच्या गावाहून, सारोळ्याहून आलेला माणूस दारातच उभा राहिला, पाणीसुद्धा नको म्हणाला, तेव्हाच मी ओळखलं. घरी पोचले तोवर सगळं आटोपलं होतं. वहिनींच्या गळ्यात पडून रडता रडता मी विचारलं, "जाताना काई बोललं का?" त्यांनी मान हलवली. "न्हाई वन्सं. व्हट हाललं, पन आवाज न्हाई आला." महिना होत आला, ते हलणारे ओठ माझ्या डोळ्यांपुढून जात नाहीत.

असं गप्प जाणं माझ्या भावाला शोभणारं नव्हतं. नवरा गेल्यावर दादांनी मला माहेरी आणलं आणि ओसरीवर बसवून वाचायला शिकवलं. त्यांचा स्वतःचा आवाज असा, की शेतातून हाक मारली तर नीरेपलीकडची गुरं माना वर करायची. दर बाजारच्या दिवशी पुण्याचं वर्तमानपत्र यायचं आणि दादा देवळाच्या ओट्यावर बसून ते मोठ्यानं वाचायचे. ऐकणारे शेतकरी, धनगर मध्येच अडवायचे, तावातावानं भांडायचे. भोर संस्थानाच्या कायदे कौन्सिलात तुम्ही निवडून आलात ते नुसत्या आवाजावर, असं मी त्यांना चिडवायचे.

मग तो कायदा आला. परवानगीवाचून सभा नाही, भाषण नाही, चार माणसांत वर्तमानपत्र वाचणंही नाही. मोडला तर संस्थानातून हद्दपार. दादा कौन्सिलात त्याच्याविरुद्ध जीव तोडून बोलले म्हणे. भोरहून परतले ते पागोटं न काढताच ओसरीवर बसले. "चंद्रे, समद्यांचं हात वर. माजा एकल्याचा खाली." वहिनी आतून म्हणाल्या, "आता तरी गप ऱ्हावा. घरदार सोडून कुटं जायाचं आपुन?"

गप्प राहतील तर ते दादा कसले! नीरेच्या पुलापलीकडे इंग्रजी मुलूख. संस्थानाचा कायदा तिथे चालत नसे. मग बाजारच्या दिवशी एकेक जण कामाचं निमित्त करून पूल ओलांडायचा, कुणाच्या खांद्यावर दोर, कुणापुढे म्हैस. पलीकडच्या बाभळींखाली वाचन व्हायचं, भांडणं व्हायची, आणि परतताना पुलाच्या मध्यावर आले की सगळे एकदम गप्प. बोलायचं साहेबाच्या राज्यात आणि तोंड मिटायचं आपल्या! मला हसू यायचं, पण अलीकडच्या नाक्यावरचा शिपाई दिसला की मी पदर पुढे ओढून झपझप चालू लागायचे. वहिनी तर दादा उंबऱ्यात येईपर्यंत चूलसुद्धा पेटवत नसत.

आणि एक दिवस व्हायचं तेच झालं. आमच्यात एक म्हातारा धनगर होता, कानानं अधू, त्यामुळे बोलणं ओरडल्यासारखं. ऐकलेल्यात इतका गुंगला, की पुलाचा मध्य मागे पडल्याचं त्याला कळलंच नाही. ऐन नाक्यापाशी दादांना विचारतो कसा, "मंग, ह्यो कायदा मोडायचा कंदी?" शिपायानं त्यालाच धरलं. म्हाताऱ्याची मेंढरं संस्थानाच्या डोंगरात... तो हद्दपार झाला तर त्यांना कोण बघणार? दादा पुढे झाले. "त्याला सोडा. वाचनारा म्या हाय."

दादांना भोरला नेलं. वहिनी दारात बसून राहिल्या. त्या अवधीत मी देवाला काय काय बोलले ते माझं मलाच ठाऊक. दादा परतले ते शब्द देऊन. नीरेच्या अलीकडे लोकांपुढे तोंड उघडणार नाही, एवढ्यावर म्हाताऱ्याचा डोंगर आणि आमचं घर राहिलं. वहिनींनी मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या. मला मात्र दादांच्या तोंडाकडे बघवेना. पुढे कितीतरी दिवस ते पलीकडे जाऊन वाचत राहिले, अलीकडे मात्र मुके.

संस्थान विलीन झालं तेव्हा गावानं त्याच ओट्यावर दादांना हार घातला. "बोला की आता, कोन अडवतंय?" दादा उभे राहिले. ओठ हलले, आवाज फुटेना. मग हळूच म्हणाले, "पुलापल्याड जाऊ या का?" सगळे खदखदून हसले. दादा चेष्टा करत नव्हते. त्या कायद्याचा मला आयुष्यात कधी आला नव्हता एवढा राग त्या दिवशी आला. कायदा गेला होता, आणि माझ्या भावाचा आवाज घेऊन गेला होता.

वर्तमानपत्र अजून बाजारच्या दिवशी येतं. नाक्याची चौकी ओस पडली आहे, तिच्यात कुणाच्यातरी शेळ्या बांधलेल्या असतात. नव्या राज्यात कसले कायदे होणार आहेत, कोण जाणे. परवा मी ओसरीवर मनातल्या मनात वाचत बसले होते. जन्मभर "गप ऱ्हावा" म्हणणाऱ्या वहिनी जवळ येऊन बसल्या. "मोट्यानं वाचा वन्सं. ह्येंचा ओटा रिकामा हाय."

आता मी देवळाच्या ओट्यावर बसून मोठ्यानं वाचते. चौकीकडे पाठ करून.