कातळावरची हजेरी

आमच्या पाली पंचक्रोशीत घोडा दिसायचा तो वरातीत, आणि तोही भाड्याचा. त्यामुळे गोताड गुरुजींनी निवृत्त झाल्यावर गुहागरहून एक लंगडी घोडी टेम्पोत घालून आणली, तेव्हा मास्तरांचं डोकं फिरलं असं गाव म्हणालं. मीही म्हणालो. मी त्यांचा शेजारी, आंब्याच्या कलमांवर पोट भरणारा, आणि चौथीपर्यंत त्यांच्या छड्या खाल्लेला. मला तेवढा हक्क होता.

गुहागरच्या किनाऱ्यावर फारुकभाई पर्यटकांना घोड्यावरून फिरवत. जनावर थकलं की ते गुरुजींना फोन करत. असे चार आले: बादशाह, शेरू, तुफान आणि ती लंगडी बिजली. नावं ऐकून घाबरावं आणि बरगड्या बघून रडावं अशी गत. जनावर देताना फारुकभाई त्याचं दावं मात्र सोडून घेत. जनावर द्यावं, दावं देऊ नये, नाहीतर घरची बरकत मागोमाग जाते, ही रीत इथे सगळ्यांचीच. मग गुरुजी घरी आणून काथ्याचं नवं दावं वळत.

"ह्यांच्या पाठीवर आता माणूस नको," ते म्हणायचे, "माती चालेल."

आणि खरंच त्यांनी पऱ्यातला, म्हणजे ओढ्यातला गाळ गोणींत भरून घोड्यांवरून कातळावर आणला, त्यात लीद मिसळली, आणि जिथे गवतसुद्धा रडतखडत यायचं तिथे नाचणी पिकवली, कुळीथ काढला. गुरुजींच्या पत्नी हौसाकाकी होत्या तोवर कुरकुरत का होईना, हाताखाली राबल्या. त्या गेल्यावर गुरुजींचा मुक्काम गोठ्यातच. म्हाताऱ्याचं मला कौतुक वाटायचं, पण तोंडावर कधी बोललो नाही.

गाव हसायचं ते हजेरीला. रोज दिवेलागणीला गुरुजी फाटकाशी उभे राहून नावं घेत. बादशाह खूर आपटायचा, शेरू फुरफुरायचा, तुफान खिंकाळायचा. बिजली शेवटी. ती दोन पावलं पुढे यायची: टक्, आणि मागून लंगड्या पायाची फरफट. मी तिथे असलो तर तिच्यामागून माझा नंबर.

"निलेश शितप?"

"मी काय घोडा आहे, गुरुजी?"

"घोडे उत्तर देतात, मेल्या."

दोन वर्षांपूर्वी बिजली मेली. गुरुजींनी तिला कुळथाच्या कडेला पुरलं, दावं खुंटीला टांगलं, आणि संध्याकाळी हजेरीत तिचं नाव घेतलंच.

"दावं घरात हाय तवर नाव पटावर हाय," ते मला म्हणाले.

मला हसू आलं. पण तिन्ही घोडे कान टवकारून तिच्या रिकाम्या जागेकडे बघत होते. तिथल्या चिऱ्यांवर टक् झालं. मग फरफट. मी म्हटलं, घूस असेल. पुढचं नाव माझं होतं, ते घ्यायच्या आत मी घर गाठलं. भ्यालो होतो, दुसरं काय.

गेल्या पावसाळ्यानंतर गुरुजी खंगत गेले. मरणाचं त्यांना काही वाटत नव्हतं. त्यांना एकच घोर होता.

"माझ्यामागे ह्यांचं कोण बघेल, निलेश?"

"माझी कलमंच मला आवरत नाहीत, गुरुजी."

"बरं," ते म्हणाले, आणि पुन्हा विषय काढला नाही. माघात गेले.

तेरावं झालं आणि त्यांच्या मुलाने, हर्षदने, गिऱ्हाईक शोधलं. त्याची नोकरी पनवेलला, तो तरी काय करणार. हातखंब्याहून टेम्पो आला. घोडे पुढे कुठे जाणार असं विचारलं, तर ड्रायव्हर दुसरीकडे बघू लागला. मग विचारायचं काही उरलंच नाही.

"दावी तेवढी सोडून घ्या," तो म्हणाला. रीत त्यालाही ठाऊक. हर्षद घोड्यांना भितो, म्हणून ते काम माझ्या गळ्यात पडलं. तिन्ही दावी सोडून मी खांद्यावर टाकली, खुंटीवरचं चौथंही घेतलं. टेम्पोला फळी लावलेली होती. फाटक उघडं होतं. घोडे मोकळे झाले, तरी एकही जागचा हलेना. सूर्य नुकताच बुडाला होता.

बादशाहने खूर आपटला. मग शेरू फुरफुरला. मग तुफान खिंकाळला. मध्ये तेवढाच थांबा, एक नाव घ्यायला लागतो तेवढा. मग रिकाम्या जागेतून टक्, आणि फरफट.

"आत अजून एक हाय काय?" ड्रायव्हरने विचारलं. हर्षदने नाही म्हटलं, आणि त्याचा चेहरा पांढरा पडला.

तिन्ही घोड्यांनी माना वळवल्या आणि माझ्याकडे बघत राहिले. पुढचं नाव कुणाचं, ते त्यांना पाठ होतं. मलाही होतं. खांद्यावरची दावी ओली झाल्यासारखी जड लागत होती. चौथीत छडीसमोर राहायचो तसा मी ताठ उभा राहिलो.

"हजर, गुरुजी," मी म्हटलं.

घोड्यांनी माना खाली घातल्या आणि पेंढा खायला लागले. टेम्पो रिकामा गेला. हर्षद गोठ्याची किल्ली माझ्या हातात ठेवून सकाळच्या गाडीने निघून गेला.

आता हजेरी मी घेतो. बिजलीला वगळत नाही. शेवटी गुरुजींचं नाव घेतो, आणि उत्तर यायच्या आत फाटक लावून घरची वाट धरतो.