बोर्डामागचे माणिकदादा

फोन माणिकदादांच्या मुलीचा, शीतलचा होता. "काका, बाबा गेले..." एवढंच बोलली. मी झरीला एका घराचं वायरिंग करत होतो. पकड हातात धरून तसाच शिडीवर उभा राहिलो. दादांच्या छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. त्याला आता महिना झाला.

बोरीचे माणिकदादा तरुणपणी दर हंगामाला ऊसतोडीला जायचे. पुण्यात एका इमारतीवर मजुरी करता करता जिप्सम बोर्डाचं पार्टिशन शिकले आणि कोयता कायमचा खाली ठेवला. पत्र्याच्या पट्ट्यांचा सांगाडा ते उभा करायचे, मी त्यातून वायरी ओढायचो, मग ते वरून बोर्ड बसवायचे. बारा वर्षं आमची जोडी होती.

जिंतूरच्या एका शाळेत हॉलचे दोन भाग करून मुलींसाठी अभ्यासिका करायची होती. उद्घाटन चार दिवसांवर. बोर्ड आजच लागले, तरच सांध्यांवर भरायची लांबी, म्हणजे पुट्टी, वेळेत वाळणार होती. दादांनी सांगाड्यावर दोरी ताणून पाहिली, मग माझ्या वायरींवरून बोट फिरवत गेले आणि थांबले. वायर पट्टीच्या भोकातून न्यायची असते. घाईत मी दोन ठिकाणी ती पट्टीवरूनच नेली होती. बोर्डाचा स्क्रू नेमका तिच्यातून गेला असता.

"दादा, बोर्ड लागल्यावर कोण बघायलंय आत?" मी वैतागून म्हणालो.

"मी बघायलोय की. पोरी ह्या भिंतीला टेकून बसणार हायत."

तेवढ्यात मुख्याध्यापक आले. उशीर होणार म्हणताच भडकले. "पाहुण्यांना काय सांगू? जमत नसेल तर दुसरा माणूस बघतो!"

मी मान खाली घातली. दादा शांतपणे म्हणाले, "बघा सर. पण आमचं चुकलंय. ते नीट केल्याबिगर आमी झाकू देणार न्हाई."

आमचं... चूक तर माझी एकट्याची होती. सर पाहुण्यांना फोन लावत निघून गेले. आम्ही सगळ्या वायरी पुन्हा ओढल्या, एक पट्टी तांदळाएवढी पुढे आली होती तीही मागे घेतली. उद्घाटन दोन दिवस पुढे गेलं. त्यानंतर मी झाकण्याआधी स्वतःचं काम स्वतः तपासायला शिकलो. आज चार माणसं माझ्या हाताखाली आहेत, त्यांनाही तेच शिकवतो.

तेराव्यानंतर शीतलला ती अभ्यासिका बघायची होती. मुली वाचत बसल्या होत्या. तिनं भिंतीवर तळवा ठेवला आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश चालत गेली.

"काका, बोर्डांचे जोड कुठं हायत?"

मीही हात फिरवून पाहिला. मलाही सापडले नाहीत.