पंतप्रधानांनी धरायला लावलेला सोमवार

बायांनो, गेल्या सोमवारी मला चक्कर आली, म्हणून आज सून अडून बसली. "आत्याबाई, शुगर हाय तुमाला. सोमवार सोडा आता. महादेव काय रागवत न्हाय."

म्हणलं, "महादेवाचा हाय कुणी सांगितलं? पंतप्रधानांचा हाय."

पासष्टच्या लढाईच्या वर्षी मी सात वर्षांची. मोहोळला चावडीवरच्या रेडिओत ते बोलले, धान्य कमी हाय, सोमवारी एक वेळ जेवू नका. आवाज लई मऊ, ज्वारीतनं वारा गेल्यागत. त्या सांजेला गावात एका घरातनंबी धूर निघाला न्हाय. आभाळ इतकं खाली आलं, वाटलं हात लावावा. पोटात भूक होती, पण गाव तरंगत होतं.

आईनं सोमवार धरला, मग मी.

आज नातीनं पंतप्रधानांच्या भाषणा-पत्रांचं पुस्तक दुपारभर चाळलं. म्हणाली, "आजी, धरा असं हाय. सोडा असं कुटंच न्हाय."

कसं असंल? लढाई थांबली आन् थोड्याच दिवसांत माणूस गेला.

सून ताट वाढून समोर बसलीय. तुमच्यात कुणी त्यांच्या तोंडून 'आता जेवा' ऐकलंय का? ऐकलं असंल तर लवकर सांगा, भाकर गार हुतीया.