मुर्ध्यातलं अंगण

आधी मावशीचं सांगते. ती माझ्या नात्यातली नाही. शहराने वेढलेल्या मुर्धा गावाच्या जुन्या वस्तीतली मासे विकणारी कोळीण, एकटी, आवाज खाडीपलीकडे ऐकू जाईल असा. तिने मला तिच्या अंगणात उभं राहू दिलं म्हणून या शहरात माझे पाय टिकले. बाकीचं त्यानंतर.

रत्नागिरीकडून आले तेव्हा शाळा आठवीतच सुटलेली आणि बरोबर आईचा बिडाचा तवा. घावणे त्या तव्यावर सुटतात तसे दुसऱ्या कशावर सुटत नाहीत. रस्त्याकडेला हातगाडी लावायचे. अतिक्रमणवाल्यांचा ट्रक दिसला की तव्यावरचा घावणा तसाच टाकून गाडी ढकलत पळायचे. एकदा मावशीने अडवलं.

"चोरी केलीस काय गो? मग पलतेस कशाला? माज्या अंगणात लाव गाडी. रस्ता त्यांचा असंल, अंगण माजं हाय."

मग सकाळी तिच्या अंगणात, ती मासे साफ करून विकायची त्या ओट्याशेजारी, घावणे होऊ लागले. मासळी आणायला धक्क्यावर जाण्याआधी ती पहिला घावणा खायची आणि मीठ कमी म्हणायची. मला राजकारण कळत नाही. पण पीठ ओतताना मनात यायचं, तांदूळ माझा, तवा आईचा, अंगण मावशीचं, खाणारा आपल्या पायाने येतोय. यात आणखी कुणाला विचारायचं ते काय?

विचारायचं होतं म्हणे. उन्हाळ्यात एका सकाळी पथक गल्लीत शिरलं. साहेब म्हणाले, "घरात धंदा करायचा तरी परवाना लागतो. आणि हा ओटा रस्तारुंदीत जातोय. आमच्या हातात काय नाय मावशी, वरून ऑर्डर आहे."

अंगणाला कुंपण, आत यायला एवढीशी वाट. मावशी त्या वाटेत उभी राहिली.

"ऑर्डर दाखव. न्हायतर तिथूनच बोल. विचारल्याबिगर हितं माजा नवराबी आत येत नव्हता."

पथकातली माणसं हसली, साहेबही हसले. पण आत कुणी आलं नाही. कागद कुणी काढला नाही. ऊन चढत गेलं, मावशी हलली नाही. मला वाटलं, जातील आता. मी गॅस बंद करून तव्याजवळच उभी होते.

मग पथकातला एक म्हातारा कामगार कपाळ पुसत म्हणाला, "मावशी, जरा पाणी मिळंल का?"

त्या घरात पाण्याला नाही म्हणत नाहीत. भांडण चालू असलं तरी नाही म्हणत नाहीत. मावशी तांब्या आणायला आत वळली आणि वाट मोकळी झाली.

ती बाहेर आली तोवर माझी गाडी ट्रकवर चढत होती, तव्यासकट. ओट्यावर लाल रंगाची फुली मारून झाली होती. मावशीने सगळं बघितलं आणि तरी तांब्या म्हाताऱ्याच्या हातात दिला. तो खाली बघून प्यायला.

"पी," ती म्हणाली. "पाणी मागितलंस ना, तसं आत यायचं बी मागायचं होतंस."

संध्याकाळी तिचा भाचा रिक्षा लावून आला. "मावशी, तांब्याभर पाण्यात ओटा दिलास. सरकारशी भांडून कोन जिंकलाय?"

"जिंकाया कोन भांडतंय? इचारून आत यावं, येवडंच. आनि तहानलेल्याला न्हाय म्हनू? मग त्यांच्यात नि माज्यात फरक काय ऱ्हायला?"

तवा परत मिळाला नाही. ऑफिसात गेले की उद्या या म्हणायचे. जप्त केलेल्या गाड्यांच्या ढिगात तो मला दिसला होता, गंजून लाल झालेला. पण दिसणं वेगळं आणि मिळणं वेगळं. ओटा तुटला, अंगणही रस्त्यात गेलं. मावशीच्या दारातून पाय टाकला की आता थेट रस्ता. मासे साफ करायला, विकायला जागा उरली नाही, म्हणून ती टोपली घेऊन नाक्यावर बसते. मी एका हॉटेलात चपात्या लाटते. मालक सांगेल तेव्हा आत, सांगेल तेव्हा बाहेर.

गेल्या आठवड्यात नाक्यावर ट्रक आला आणि मावशी टोपली उचलून पळताना मी पाहिली. तिने मला पाहिलं नाही, हे बरं झालं.

मावशी, माझ्या कमाईत कधी जागा होईल असं मला वाटत नाही. पण कधीतरी झालीच, एवढीशी का होईना, तर आत तुझी टोपली ठेवू. कुणी पाणी मागितलं तर तू जा आणायला. वाटेतून मी हलणार नाही.