शिक्षककृती : खिडकीपाशी थांबणे

संचिता आमच्या मोहन्याच्या शाळेत शिक्षणसेवक म्हणून आली तेव्हा चोवीस वर्षांची होती. विठ्ठलवाडीहून रिक्षाने यायची आणि दोन जिने धावत चढायची. सातवीचं गणित तिच्या गळ्यात पडलं. रोज काय, कसं शिकवायचं ते लिहायची टाचणवही पहिल्याच आठवड्यात कोरी सापडली म्हणून मुख्याध्यापकांनी तिला फैलावर घेतलं, तशी ती रडकुंडीला येऊन माझ्यापाशी आली. आमच्याकडे यावर एकच उपाय चालतो. जुन्या शिक्षकाची वही घ्यायची, तारखा बदलायच्या आणि रोजचं टाचण उतरवून काढायचं. पुस्तकं बदलतात, अपूर्णांक तेच राहतात. मी कपाटातून रमाबाईंची वही काढून दिली.

रमाबाई माझ्या शेजारच्या वर्गावर शिकवायच्या. आम्ही चौदा वर्षं एकत्र काढली. त्यांना जाऊन आता बारा वर्षं झाली.

संचिता प्रामाणिक, तिथेच घोटाळा झाला. आम्ही टाचण उतरवतो ते तपासणीसाठी, शिकवताना ते कोण उघडून बघतं! ही पोरगी वहीत लिहिलंय तसं वागायची. ‘शिक्षककृती’च्या रकान्यात रमाबाईंनी जागोजागी लिहिलं होतं : ‘खिडकीपाशी जाणे. थांबणे.’ संचिताला वाटलं, मुलांना विचाराला वेळ द्यायची ही पद्धत असणार. ती खिडकीपाशी जायची आणि चौकटीला हात टेकून उभी राहायची. एकदा व्हरांड्यातून मी तिची पाठ पाहिली आणि हाक मारली ती ‘रमाबाई’ अशी. तिने वळून ‘ओ’ दिली.

दिवाळीनंतर प्रशिक्षणात सांगितलं म्हणून तिने मुलांसाठी प्रश्नावली काढली. ‘बाई चांगलं शिकवतात का? हो/नाही.’ वर मुलाचं नाव. अडतीस मुलं, अडतीस हो. मला हसू आलं.

“अगं, नाव लिहायला लावल्यावर नाही कोण म्हणेल? नाव काढ, हो-नाही पण काढ. वर्गात काय दिसतं ते लिहा म्हणावं.”

नवी प्रश्नावली तिने डिसेंबरातल्या एका सोमवारी भरून घेतली. मधल्या सुट्टीत गठ्ठा माझ्यापुढे ठेवला तेव्हा तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

‘बाई खिडकीपाशी जातात कारण त्यांना दम लागतो.’ ‘बाईंचा श्वास वाजतो, शेवटच्या बाकावर ऐकू येतो.’ ‘बाईंना तिथे खुर्ची द्या.’ एकमेकांचं बघून लिहिलं म्हणावं, तर प्रत्येकाचे शब्द निराळे. शेवटचा प्रश्न होता, पुढे काय शिकायला आवडेल? तिथे एकाने लिहिलं होतं : ‘शुक्रवारी दुसऱ्या बाई येतील का?’

“तुला दम लागतो?” मी विचारलं.

“जूनमध्ये नव्हता लागत, मॅडम. आता लागतो. खिडकीपाशी गेलं की जरा बरं वाटतं.”

मी रमाबाईंची वही उघडली. ती आठवड्यापुरतं उतरवायची, पुढे तिने कधी पाहिलंच नव्हतं. तिने घातलेल्या तारखांप्रमाणे मोजलं तर टाचण त्याच आठवड्याच्या गुरुवारी संपत होतं. त्यापुढची पानं कोरी होती, कारण बारा वर्षांपूर्वी शुक्रवारी सकाळी रमाबाई दुसऱ्या जिन्यावर बसल्या त्या उठल्याच नाहीत. त्यांना दमा होता आणि त्या तो लपवायच्या. शिकवता शिकवता श्वास घ्यायला कुठे थांबायचं, तेवढं त्यांनी वहीत लिहून ठेवलं होतं. आम्ही स्टाफरूममध्ये म्हणायचो, रमाबाईंना हवा खायची भारी हौस.

मी घाबरले. हे भूतबीत मी मानत नाही, पण त्या क्षणी मानलं. संचिता म्हणत होती, “मॅडम, गुरुवारी तपासणी आहे, माझं टाचण राहिलंय.” मी ऐकलं नाही. तिला रिक्षात घातली आणि कल्याणला डॉक्टरकडे नेली. त्यांनी छाती तपासली, फोटो काढला आणि तिथेच दाखल करून घेतलं. फुफ्फुसात पाणी झालं होतं. आणखी चार दिवस गेले असते तर कठीण होतं, असं ते मला बाजूला घेऊन म्हणाले.

शुक्रवारी सातवीवर मी गेले. कुणालाच नवल वाटलं नाही.

“ते कुणी लिहिलं रे?” मी विचारलं. सगळी पोरं माझ्याकडे न बघता खिडकीकडे बघत होती. संचिताबाई बऱ्या आहेत, लवकरच येतील, असं सांगून मी फळ्यावर गणित घातलं. अर्ध्यात डोळे भरून आले. पोरांना दिसू नये म्हणून मी खिडकीपाशी गेले.

मागे फरशीवर काहीतरी घासत आलं. रसिका नावाची मुलगी टेबलामागची खुर्ची ओढत आणत होती.

“बाई, बसा ना. इथे दम लागतो.”

मी बसले आणि सगळ्या वर्गासमोर रडले. चौदा वर्षं मी शेजारच्या वर्गात होते. खुर्ची द्यावी, हे माझ्या मनात एकदाही आलं नव्हतं.